मरियम फूल पुन्हा जिवंत होत नाही

हजहून आणलेलं मरियम फूल वाटीभर पाण्यात ठेवलं की वाळलेली मूठ उघडते. ते पाहून ‘मेलेलं झाड जिवंत झालं’ असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. याच्या ‘अनास्टॅटिका’ या शास्त्रीय नावातही पुनरुत्थानच आहे. तरीही समज चुकीचा आहे.

सहारा ते अरबस्तानच्या वाळवंटातली ही मोहरीच्या कुळातली वर्षायू वनस्पती. पावसानंतर उगवते, चिमुकली पांढरी, चार पाकळ्यांची फुलं धरते, बी तयार करते आणि मरते. वाळताना फांद्या आत वळतात आणि शेंगा मुठीत बंद होतात. पाणी शोषलं की मेलेल्या लाकडाचे तंतू फुगतात, फांद्या उघडतात. पावसाचे थेंब आपटून बिया आसपास उडतात. ओल असतानाच बी मोकळं करायचं, अशी ही विलक्षण सोय! वाळल्यावर मूठ पुन्हा मिटते, म्हणून खेळ अनेकदा दिसतो.

पाण्यात हिरवं झालं, तर ते मरियम फूल नव्हे. ती मेक्सिकोकडची सेलाजिनेला. तिला फुलं-बिया नसतात, खवल्यांसारखी पानं असतात आणि ती खरंच तग धरून असते. दोन्ही ‘जेरिकोचा गुलाब’ म्हणून विकतात, घोळ तिथूनच होतो.

झाड हवं असेल, तर मूठ कुंडीत पुरू नका. शेंगांतलं बी काढा, रेताड मातीवर पेरा, उगवेपर्यंत ओल ठेवा. पुढे भरपूर ऊन आणि बेताचं पाणी.