गेमिंग प्लॅटफॉर्मची निवड

गेमिंग प्लॅटफॉर्मची निवड म्हणजे गेम पीसीवर खेळायचा, टीव्हीला कन्सोल जोडून खेळायचा, हातात धरायच्या मशीनवर की मोबाईलवर हे ठरवणं, आणि त्या बदल्यात कशावर पाणी सोडायचं हेही ठरवणं. पहिल्या भागासाठी लोक दोन दोन महिने युट्यूब बघतात, दुसरा भाग मशीन घरी आल्यावर कळतो. नव्वदीत आपल्याकडे हा प्रश्न नव्हताच, टीव्हीला लावायचा 'व्हिडिओ गेम' म्हणजे बहुतेक घरांत निन्टेंडोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमची नक्कल असायची, त्यात मारिओ नाहीतर काँट्राची कॅसेट, चालली नाही तर फुंकर मारून परत लावायची, विषय संपला.

आता एकच गेम चारपाच ठिकाणी मिळतो, पण सगळीकडे सारखा नसतो. याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे 'द विचर ३'. मे २०१५ मध्ये तो पीसी आणि पीएस४ (सोनीचा प्लेस्टेशन ४), एक्सबॉक्स वन (मायक्रोसॉफ्टचा) या कन्सोलवर आला आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये चक्क निन्टेंडो स्विचवर, म्हणजे ६.२ इंची ७२०पी स्क्रीनच्या, हातात धरायच्या मशीनवर, दोन्ही मोठ्या एक्स्पान्शनसकट (नंतर निघालेल्या जोडकथा) ३२ जीबीच्या एका कार्ट्रिजमध्ये. बसवला कसा, तर रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची संख्या, उतरवून ('पी'च्या आधीचा आकडा म्हणजे ठिपक्यांच्या आडव्या ओळी): हातात धरून खेळताना साधारण ५४०पी, टीव्हीला लावला की ७२०पीपर्यंत, झाडंझुडपं विरळ आणि लांबचं सगळं धूसर. मोठ्या टीव्हीवर हा पोर्ट, म्हणजे दुसऱ्या मशीनसाठी उतरवलेली आवृत्ती, बघवत नाही, खरं सांगतो. पण छोट्या स्क्रीनवर तोच धूसरपणा फारसा खुपत नाही आणि इतका लांबलचक गेम अंथरुणात पडल्या पडल्या रोज थोडा थोडा सरकत राहतो, शिवाय २०२० मध्ये पीसीवरचा सेव्ह (गेम जिथवर खेळला तिथली नोंद) स्विचवर आणायची सोय पण दिली, त्यामुळे घरी पीसीवर, गावाला गेलं की स्विचवर असं जमायला लागलं. ज्याला टेबलाशी बसायला वेळच मिळत नाही त्याच्यासाठी हाच 'खराब' पोर्ट सगळ्यात चांगला.

दुसरी ओढाताण रिझोल्यूशन आणि फ्रेम रेटची. पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्सवर बऱ्याच गेममध्ये दोन मोड असतात, एकात चित्र जास्त रेखीव पण ३० एफपीएस (सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे चित्रं), दुसऱ्यात चित्र जरा मऊ पण ६०. आकडा कोरडा वाटतो, पण ३० ला प्रत्येक फ्रेम ३३ मिलिसेकंद पडद्यावर राहते आणि ६० ला जेमतेम १७, म्हणून मारामारी, रेसिंग, फुटबॉल असलं काही असेल तर हाताला फरक लगेच कळतो. सावकाश फिरायचा गेम असेल तर ३० चालतं. (टीव्हीच्या सेटिंगमधला 'गेम मोड' आधी चालू करा, नाहीतर टीव्ही चित्र सजवत बसतो आणि बटण दाबल्यावर उशीर होतो, मग शिव्या कन्सोलला.)

कधी कधी आख्खं फीचरच उडतं. 'बाल्डर्स गेट ३' ऑगस्ट २०२३ मध्ये पीसीवर आला, सप्टेंबरमध्ये पीएस५ वर, आणि एक्सबॉक्सवाल्यांना डिसेंबरपर्यंत थांबावं लागलं, कारण स्वस्तातल्या सिरीज एसमध्ये मेमरी १० जीबी, मोठ्या सिरीज एक्समध्ये १६, आणि मायक्रोसॉफ्टचा आग्रह असा की दोन्हीकडे फीचर सारखे हवेत. शेवटी सूट मिळाली आणि सिरीज एसवर स्प्लिट स्क्रीन काढूनच गेम आला. म्हणजे नवराबायको एका टीव्हीवर शेजारी बसून खेळणार असतील तर नेमक्या त्याच गोष्टीसाठी स्वस्त मशीन २०२५ च्या अपडेटपर्यंत कामाचं नव्हतं, आणि हे खोक्यावर कुठे लिहिलेलं नसायचं.

२०२२ मध्ये आलेलं स्टीम डेक पीसीचे गेम हातात देतं, पण वजन ६६९ ग्रॅम, मूळ स्विच चारशेच्या आत, आणि तासभर उताणं पडून खेळलं की हा फरक मनगट सांगतं. आतमध्ये विंडोजऐवजी लिनक्स असल्यामुळे ॲंटी-चीटवाले (फसवून खेळणाऱ्यांना पकडणारं सॉफ्टवेअर असलेले) काही ऑनलाइन गेम, उदाहरणार्थ व्हॅलोरंट, त्यावर चालत नाहीत.

भारतात यात पैशाचा आणि बिलाचा मुद्दा मिसळतो. पीएस५ इथे २ फेब्रुवारी २०२१ ला आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० आणि डिजिटल (डिस्क न घालता फक्त डाउनलोड करून खेळायचा) ३९,९९० रुपयांना होता. दहा हजार वाचले असं वाटतं, पण सोनीचे मोठे गेम तेव्हा ४,९९९ ला, आणि डिस्क असेल तर खेळून झाल्यावर विकता येते, मित्राशी अदलाबदल होते. डिजिटल घेतला की तो अकाउंटला चिकटला. पीसीवर स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान १४ दिवसांत आणि दोन तासांच्या आत खेळलेला गेम सहसा परत घेतं, ही सोय लोक विसरतात. स्विच तर भारतात अधिकृतपणे विकलाच गेला नाही, दुकानदार बाहेरून आणून विकतात, त्यामुळे बिघडला तर कंपनीचं सर्व्हिस सेंटर नाही. गंमत बघा, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला 'राजी' ऑगस्ट २०२० मध्ये सगळ्यात आधी स्विचवरच आला, पीसी, पीएस४ आणि एक्सबॉक्सला ऑक्टोबर उजाडला. पुण्यात बनलेला गेम, आणि तो पहिल्या दिवशी खेळायला मशीन ग्रे मार्केटचं!

शिफारशी विचाराल तर 'राजी' घ्याच, चारपाच तासांत संपतो, टीव्हीवर खेळा म्हणजे राजस्थानी थाटाचे महाल आणि भिंतीवरची चित्रं नीट दिसतात. 'हेडीस' हातातल्या मशीनवर, एक फेरी अर्ध्यापाऊण तासाची, हरलो तरी गोष्ट पुढे सरकते. 'सिव्हिलायझेशन ६' पीसीवरच, माऊसशिवाय ते नकाशे आणि याद्या हाताळणं म्हणजे हातमोजे घालून तांदूळ निवडणं. आणि कसलंच मशीन नसेल तर 'स्टारड्यू व्हॅली' मोबाईलवर घ्या, त्यातला एक दिवस जास्तीत जास्त १४ मिनिटांचा, ठाण्याहून फास्ट लोकलने दादर येईपर्यंत दोन दिवसांची शेती उरकते, बसायला जागा मिळाली तर.