रेपर्टरी बिग बँड

जॅझच्या मोठ्या वाद्यवृंदाला बिग बँड म्हणतात. अशा वाद्यवृंदासाठी पूर्वी लिहिलेल्या, पण पुढे विस्मृतीत गेलेल्या किंवा कधीच ध्वनिमुद्रित न झालेल्या रचना हुडकून, त्यांचे नोटेशन (कागदावरचे स्वरलेखन) तपासून त्या नव्याने वाजवणारा व मुद्रित करणारा बँड म्हणजे रेपर्टरी बिग बँड. यांतले बरेच बँड जुन्याच्या जोडीला आजच्या संगीतकारांकडून नव्या रचनाही लिहून घेतात. अमेरिकेत १९७० च्या दशकात हा प्रकार रुळू लागला आणि १९८० नंतर त्याला संस्थांचे पाठबळ मिळाले.

जॅझ म्हणजे आयत्या वेळी सुचेल ते वाजवणे, ही समजूत बिग बँडच्या बाबतीत अर्धीच खरी आहे. पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन आणि पियानो, गिटार, बास व ड्रम्स यांचा रिदम सेक्शन असा सतरा जणांचा हा ताफा. इतकी माणसे एकमेकांवर न आदळता वाजवतात, कारण कोणी काय वाजवायचे हे अरेंजरने आधीच कागदावर ठरवलेले असते. मूळ गाणे बहुधा दुसऱ्याचेच असते. त्याची चाल कोणत्या वाद्यांत फिरवायची, खाली स्वरसंगती कोणती ठेवायची, सोलोसाठी, म्हणजे एकट्या वादकाच्या वादनासाठी, जागा कुठे सोडायची हे अरेंजरचे काम. तो स्कोअर, म्हणजे सर्व वाद्यांचे स्वर एकत्र मांडलेली प्रत, लिहितो, कॉपिस्ट त्यावरून प्रत्येक वादकाचा पार्ट उतरवतो. तबकडीवर मात्र बँडप्रमुखाचे नाव मोठ्या अक्षरांत आणि अरेंजरचे बारीक अक्षरांत, तेही असलेच तर. रेपर्टरी बँडांनी केलेले मोठे काम कोणते, तर या बारीक अक्षरांतल्या माणसांना त्यांचे श्रेय परत मिळवून दिले.

इतक्या रचना हरवल्या कशा, याची कारणे अगदी व्यावहारिक आहेत. चार्ट, म्हणजे अरेंजरने लिहिलेली ही पाने, रोजच्या वापराचे सामान होते. बसमधून गावोगाव हिंडणारे, पेन्सिलीने खाडाखोड केलेले आणि गाण्याची चलती संपली की गठ्ठ्याखाली जाणारे. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. त्याहून लांब रचना कापली जाई किंवा मुद्रणाच्या यादीतूनच गळे. त्यात वादकांच्या संघटनेने १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. तो पूर्णपणे उठायला नोव्हेंबर १९४४ उजाडला. १९४८ मध्ये पुन्हा एकदा तसेच घडले. या काळात बँड वाजत होते, अरेंजर लिहीत होते, पण व्यावसायिक ध्वनिमुद्रण बहुतांशी थांबले होते. काही रचना तर बँडप्रमुखालाच पटल्या नाहीत. बँडप्रमुख काउंट बेसीने थॅड जोन्स या ट्रम्पेटवादक-अरेंजरकडून एका अल्बमसाठी रचना लिहून घेतल्या आणि त्या आपल्या बँडच्या वळणाच्या नाहीत म्हणून परत केल्या. या नाकारलेल्या गठ्ठ्यातून काय निघाले ते पुढे येईल.

हस्ताक्षरावरून इतिहास बदलल्याचे उत्तम उदाहरण संगीतकार व अरेंजर बिली स्ट्रेहॉर्न (१९१५–१९६७) याचे. १९३९ पासून मृत्यूपर्यंत तो संगीतकार व बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टनचा सहकारी होता. दोघे इतके एकरूप झाले होते, की कोणते पान कोणाचे हे त्यांनाही सांगता येत नसे, अशी दंतकथा पसरली होती. एलिंग्टनचे कागद १९८८ मध्ये स्मिथसोनियन संस्थेकडे आले आणि १९९० च्या दशकात डच संशोधक वॉल्टर व्हान डे लर याने ते कागद व स्ट्रेहॉर्नच्या वारसांकडची बाडे पानोपान चाळली. दोघांची अक्षरे वेगळी, स्वर रचण्याच्या सवयी वेगळ्या. एलिंग्टनच्या नावावर असलेली काही पाने स्ट्रेहॉर्नच्या हातची निघाली आणि कधीच न वाजलेल्या अनेक रचनाही सापडल्या. जेरी व्हान रॉयेनच्या नेतृत्वाखालील डच जॅझ ऑर्केस्ट्राने त्या ध्वनिमुद्रित केल्या. याच बँडने पुढे पियानोवादक व अरेंजर मेरी लू विल्यम्सच्या विस्मृत रचना, तसेच पियानोवादक क्लॉड थॉर्नहिलच्या बँडसाठी गिल एव्हन्स व जेरी मलिगन या अरेंजरांनी लिहिलेल्या विस्मृत रचनाही वाजवल्या. अमेरिकेच्या या खास ठेव्याची झाडाझडती अ‍ॅमस्टरडॅमच्या बाजूने झाली, यात तसे नवल नाही. युरोपात अशा वाद्यवृंदांना सार्वजनिक पैशाचा आधार अधिक मिळत आला आहे.

गिल एव्हन्स (१९१२–१९८८) याचे प्रकरण अधिक सविस्तर पाहण्यासारखे आहे. टोरांटोत जन्मलेला हा अरेंजर १९४० च्या दशकात थॉर्नहिलच्या बँडसाठी लिहीत असे. त्या बँडमध्ये फ्रेंच हॉर्न होते, ट्यूबा होता, क्लॅरिनेटचा जथा होता आणि स्वर न थरथरवता सपाट धरायची पद्धत होती. आवाज खोलीत धुक्यासारखा रेंगाळे. हाच रंग ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने १९४८ च्या आपल्या नऊ जणांच्या बँडमध्ये उचलला आणि १९५७ ते १९६० या काळात दोघांनी मिळून केलेल्या तीन अल्बमांनी एव्हन्सचे नाव कायमचे झाले. पण कागद विखुरलेले राहिले. १९९१ मध्ये क्विन्सी जोन्सने माँत्रोच्या महोत्सवात माइल्सला घेऊन या रचना पुन्हा वाजवल्या, तेव्हा गिल गोल्डस्टीनला त्यांतले बरेच काही तबकड्या ऐकून उतरवावे लागले.

रायन ट्रूसडेल या तरुण संगीतकाराने एव्हन्सच्या कुटुंबाच्या परवानगीने घरातले कागद पाहिले, इतर संग्रह धुंडाळले आणि कधीच ध्वनिमुद्रित न झालेल्या डझनावारी रचना बाहेर काढल्या. तो संगीतकार व बँडप्रमुख मरिया श्नायडरचा सहायक होता आणि श्नायडर स्वतः एव्हन्सची. म्हणजे ही एका अर्थी गुरुपरंपराच. ‘गिल एव्हन्स प्रोजेक्ट’ या त्याच्या बँडचा पहिला अल्बम ‘सेंटेनियल’ मे २०१२ मध्ये, एव्हन्सच्या जन्मशताब्दीला निघाला. खर्च आर्टिस्टशेअर या व्यवस्थेतून श्रोत्यांनी आगाऊ दिलेल्या पैशांतून उभा राहिला. त्यात दहा रचना आहेत. ‘मेड्स ऑफ कादिझ’ ही फ्रेंच संगीतकार देलिबच्या गाण्यावरची रचना माइल्सच्या १९५७ च्या अल्बममुळे सर्वांना ठाऊक होती. इथे एव्हन्सने सात वर्षे आधी थॉर्नहिलसाठी लिहिलेली आवृत्ती ऐकायला मिळते. एकाच माणसाचा विचार कसा पुढे सरकला, हे दोन्ही शेजारी ठेवले की कळते.

या अल्बमच्या सुरुवातीलाच ‘पंजाब’ नावाची रचना आहे. १९६४ च्या एका अल्बमसाठी ती योजली होती, पण त्यावर आली नाही. ट्रूसडेलच्या मुद्रणात तबला वाजवला आहे तो डॅन वाइस याने. तो मुळात जॅझचा ड्रमर, पण पंडित समीर चटर्जी यांच्याकडे तबला शिकलेला. त्यामुळे हा तबला नुसता परदेशी रंग म्हणून मागे टिकटिकत नाही. ग्रॅमी-विजेत्यांच्या यादीत २०१३ साली सर्वोत्तम वाद्यसंगीत-अरेंजमेंटसाठी याच अल्बममधल्या ‘हाउ अबाउट यू’ या रचनेचे नाव आले. रचना १९४७ ची, मानकरी गिल एव्हन्स, मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी. दुसरा अल्बम ‘लाइन्स ऑफ कलर’ मे २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या जॅझ स्टँडर्ड क्लबात श्रोत्यांसमोर मुद्रित झाला.

कागद सापडला म्हणजे संगीत सापडले असे होत नाही. स्कोअर आणि पार्ट यांत फरक असतो, कारण तालमीत बदललेले स्वर पार्टवर पेन्सिलीने लिहिले जात आणि स्कोअर जुनाच राही. एखादा पार्ट गहाळ असेल तर इतर वाद्यांच्या स्वरांवरून तो ताडावा लागतो. एलिंग्टनच्या पार्टवर तर वाद्याऐवजी वादकाचे नाव असे, जसे ‘कूटी’. हा स्वर कूटी विल्यम्सच्याच ट्रम्पेटमधून यायचा, हे त्यातून ठरलेले. तुंबलेले सिंक मोकळे करायच्या पंपाचा रबरी गोल ट्रम्पेटच्या तोंडाशी उघडझाप करत, घशातून गुरगुरत काढलेला तो आवाज नोटेशनमध्ये मावत नाही. स्विंगची लयही मावत नाही. सलग लिहिलेले आठव्या भागाचे स्वर किती लांब-आखूड करायचे, हे बँड मुख्य ट्रम्पेटवाल्याकडे कान लावून ठरवतो. म्हणून अशा मुद्रणात विद्यापीठातल्या अभ्यासकाइतकेच त्या वळणात मुरलेले वादक लागतात.

वादाचा मुद्दा सोलोचा. मूळ तबकडीवरचा सोलो जसाच्या तसा वाजवायचा, की आजच्या वादकाने स्वतःचा वाजवायचा? एलिंग्टनच्या सुरुवातीच्या काळात काही सोलो रचनेचाच भाग बनले होते, तेथे नक्कल समजण्यासारखी आहे. एरवी दुसऱ्याची सुचलेली गोष्ट पाठ करून म्हणणे कंटाळवाणेच होते. कधीच न वाजलेल्या रचनांना ही अडचण नसते; त्या ताज्या वाटतात याचे हेही एक कारण.

संस्थात्मक पातळीवर गॅरी गिडिन्स व जॉन लुईस यांचा अमेरिकन जॅझ ऑर्केस्ट्रा (१९८६), न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटर या कलाकेंद्राचा बँड (१९८८) आणि गुंथर शुलर व डेव्हिड बेकर यांच्या नेतृत्वाखालचा स्मिथसोनियनचा बँड हे महत्त्वाचे. लिंकन सेंटर १९९६ पासून एलिंग्टनचे तपासलेले चार्ट शाळांच्या बँडना पुरवत आहे, आणि त्याचा परिणाम कोणत्याही मैफलीपेक्षा मोठा असावा.

बेसीने परत केलेल्या चार्टचे काय झाले? थॅड जोन्स आणि ड्रमर मेल लुईस यांनी त्यांच्या भरवशावर बँड उभा केला आणि ७ फेब्रुवारी १९६६ रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबात तो प्रथम वाजला. सोमवार निवडला, कारण त्या दिवशी स्टुडिओतले वादक मोकळे असत. आज व्हॅनगार्ड जॅझ ऑर्केस्ट्रा या नावाने तो सोमवारीच वाजतो. ट्रॉम्बोनवादक व अरेंजर बॉब ब्रुकमायरच्या संगीताच्या २०१४ च्या अल्बममध्ये या बँडने त्याच्या १९८० च्या दशकातल्या रचनांबरोबर त्याने अखेरच्या काळात लिहिलेल्या रचनाही घेतल्या; ब्रुकमायर डिसेंबर २०११ मध्ये वारला होता.

मुंबईत १९३० च्या दशकापासून ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजत असे. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरचे पाश्चात्त्य स्वरलेखन, शिकलेले वादक त्यात तयार झाले आणि तेच हिंदी चित्रपटसंगीताचे अरेंजर बनले. सी. रामचंद्रांबरोबर चिक चॉकलेट, शंकर-जयकिशनबरोबर सेबॅस्टियन डिसोझा, शिवाय फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली ठळक नावे. त्यांनी लिहिलेली पाने मुद्रण आटोपल्यावर जपून ठेवण्याची रीत नव्हती. त्यामुळे आज कोणाला त्या रचना बँडवर वाजवायच्या असतील, तर बहुतेक वेळा तबकडी पुन्हा पुन्हा ऐकून प्रत्येक वाद्याचा पार्ट नव्याने लिहावा लागतो.