चित्रवाचन की गोष्ट? बिनशब्दांच्या पुस्तकांची पार्श्वभूमी

अंगणवाडीच्या भिंतीवरचा जत्रेचा तक्ता आठवा. ताई पट्टी टेकवून विचारतात, "हे काय?" पोरं ओरडतात, "फुगा!" याला चित्रवाचन म्हणतात. पुढे बिनशब्दांची चित्रपुस्तकं शाळेत आली, तेव्हा त्यांनाही हाच शब्द चिकटला. घोळ तिथूनच सुरू झाला.

तक्त्यात सगळं एकाच वेळी दिसतं. पुस्तकात पान उलटावं लागतं. मागच्या पानावर बरणीत असलेला बेडूक या पानावर नाही, तर तो गेला कुठे, हे सांगायला "तेवढ्यात", "मग", "म्हणून" असे शब्द लागतात. हरवलेल्या बेडकाचं असं एक छोटं पुस्तक 1969 साली अमेरिकेत निघालं. त्याच्या आधारे इंग्रजी, जर्मन, स्पॅनिश, हिब्रू आणि तुर्की बोलणाऱ्या मुलांकडून गोष्टी सांगून घेतल्या गेल्या आणि 1994 साली तो अभ्यास पुस्तकरूपात आला. तीन वर्षांची मुलं बहुधा एकेका चित्राचंच वर्णन करत होती. पाचव्या वर्षाच्या आसपास प्रसंग एकापुढे एक जोडले जात होते. सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा धागा नऊ वर्षांच्या मुलांच्या हाती जास्त चांगला लागत होता. म्हणजे "हे काय?" एवढंच विचारत राहिलो, तर पाच वर्षांच्या मुलाला आपण तीन वर्षांच्या पायरीवरच बसवून ठेवतो.

या विषयात सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चित्रकथींचा दाखला हमखास निघतो. तो फारसा लागू पडत नाही. तिथे पोथीतलं एकेक चित्र समोर धरून कथा गातात आणि ती गाणाऱ्याला आधीच पाठ असते. बघणाऱ्याने काही रचायचं नसतं. आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला 1945 साली सुरू झालेलं आणि पुढे कोसबाडला गेलेलं बालशिक्षणाचं काम जवळचं वाटतं, कारण तिथे मुलांच्या परिसरापासून सुरुवात होती. 1975 नंतर अंगणवाड्या पसरल्या, पण पोषण आणि लसीकरणाच्या कामात गोष्ट मागेच राहिली.

खरा पेच अलीकडचा आहे. 2005 पासून घरोघरी मुलांचं वाचन तपासणारी एक पाहणी होऊ लागली. तिच्या पायऱ्या शिक्षकांच्या तोंडी बसल्या: प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. 'गोष्ट' शेवटच्या पायरीवर गेली, तीही फक्त छापलेली. अक्षर न ओळखणारं मूल रंगवून रंगवून गोष्ट सांगत असलं, तरी पाहणीच्या मोजपट्टीवर ते 'प्रारंभिक'च. मोजणी हवीच, तिच्यामुळे सरकार हललं. पण शब्दाची निवड दुर्दैवी होती, असं माझं मत आहे.

2021 च्या पायाभूत साक्षरतेच्या राष्ट्रीय अभियानाने मौखिक भाषेला जागा दिली खरी. मात्र लोकांच्या लक्षात राहिला तो तिसरीचा आकडा: मिनिटाला किमान 60 शब्द वाचता यावेत. ज्या पुस्तकात एकही शब्द नाही, त्याचा वेग कसा काढायचा?

मेळघाटातल्या मुलाला असं पुस्तक त्याच्या कोरकू भाषेत सांगता येतं आणि त्यासाठी कुणाला भाषांतर करावं लागत नाही. आपल्याकडे या पुस्तकांची सर्वात मोठी बाजू हीच आहे. ती गोष्ट समजून घ्यायला मात्र समोरच्या गुरुजींना कोरकू यायला हवी.