कायद्याच्या नजरेतलं तूप

तळहातावर चमचाभर तूप ठेवा, लगेच वितळलं तर अस्सल, असा एक व्हिडिओ सध्या फिरतो आहे. ही कसोटी निरुपयोगी आहे. डालडासारखं वनस्पती तूपसुद्धा शरीराच्या तापमानाच्या आसपास वितळावं असंच बनवलेलं असतं. रवाळ तेच अस्सल, या समजुतीचंही तेच. हळूहळू निवू दिलं की मोठे कण धरतात, झटकन थंड केलं की धरत नाहीत.

कायदा तळहातावर विसंबत नाही. तूप फक्त दूध किंवा दुधाच्या पदार्थांपासूनच केलेलं हवं, त्यात दुधाची स्निग्धता किमान 99.5 टक्के आणि पाणी जास्तीत जास्त अर्धा टक्का, असं तो सांगतो. पण स्निग्धता दुधाचीच आहे, हे ओळखायचं कसं? इथे मला अतिशय आवडणारा एक आकडा येतो : राइशर्ट-माइसल मूल्य, म्हणजेच आरएम.

कोणताही मेद म्हणजे ग्लिसरॉलला जोडलेल्या तीन मेदाम्लांच्या साखळ्या. शेंगदाणा, पाम, सरकी, प्राण्यांची चरबी, या सगळ्यांत या साखळ्या बहुतेक 16 किंवा 18 कार्बनच्या. दुधात मात्र 4 कार्बनचं ब्युटिरिक आम्ल सापडतं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात जिवाणू चारा आंबवतात, त्यातून निघालेले छोटे रेणू रक्तावाटे कासेत पोचतात आणि तिथे त्यांच्यापासून या आखूड साखळ्या घडतात. त्या पाण्यात विरघळतात आणि वाफेबरोबर उडतात. म्हणून प्रयोगशाळेत 5 ग्रॅम तुपाचा आधी साबण करतात, मग आम्ल घालून मेदाम्लं मोकळी करतात आणि मिश्रण उकळून वाफ गोळा करतात. वाफेतून आलेली, पाण्यात विरघळणारी आम्लं उदासीन करायला 0.1 नॉर्मल (म्हणजे ठरावीक तीव्रतेची) अल्कली किती मिलिलिटर लागली, तो आकडा म्हणजे आरएम. ॲगमार्क, म्हणजे शेतमालाच्या दर्जाची सरकारी खूण, मिळवायला सर्वसाधारण तुपाला तो किमान 28 लागतो. पाम तेलात तो जेमतेम एकाच्या आसपास, खोबरेल तेलात सहा ते आठ.

आता विदर्भात या. तिथे जनावरांना सरकी घालतात. सरकीतल्या तेलाच्या लांब साखळ्या थेट कासेत पोचल्या की आखूड साखळ्या घडणं मंदावतं आणि घरचं, निर्भेळ तूपही 28 च्या खाली येतं. ॲगमार्कने म्हणूनच कापूसपट्ट्यातल्या तुपाला वेगळी मर्यादा दिली : हिवाळ्यात 23, उन्हाळ्यात 21. जनावराने काय खाल्लं याची दखल घेणारा हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो.

‘ए2 तूप’ म्हणून दुप्पट-तिप्पट दर लावणाऱ्यांनाही इथेच उत्तर आहे. ए2 हा केसीन या प्रथिनाचा प्रकार. तूप कढवताना प्रथिनं बेरीत जातात, तुपात जवळजवळ उरत नाहीत. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट 2024 मध्ये असे दावे काढायला सांगितलं आणि काही दिवसांतच तो आदेश मागे घेतला. रसायनशास्त्र त्यामुळे बदललं नाही.

आरएमलाही मर्यादा आहे. मुळात 32 असलेल्या तुपात थोडं पाम तेल मिसळलं तरी आकडा 28 च्या वर राहतो. वनस्पती तुपासाठी कायद्याने एक सुंदर युक्ती केली : त्यात किमान 5 टक्के तिळाचं तेल सक्तीचं केलं. भेसळीच्या तुपात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल घालून हलवलं की तिळातल्या द्रव्यामुळे गुलाबी-लाल रंग उमटतो. नुसतं पाम तेल मिसळलं असेल, तर हा रंग येत नाही. तिथे बीटा-सिटोस्टेरॉल शोधावं लागतं : वनस्पतींच्या तेलात ते असतं, दुधाच्या स्निग्धतेत त्याच्या जागी कोलेस्टेरॉल.