जाहिरातींना कात्री : डिजिटल दूरचित्रवाणीच्या रेकॉर्डिंगची पार्श्वभूमी

दूरचित्रवाणीचा कार्यक्रम संगणकावर साठवून त्यातील जाहिराती कापण्याची पद्धत गेल्या पंचवीस-तीस वर्षांतली असली, तरी जाहिराती टाळण्याची इच्छा त्याहून बरीच जुनी आहे. झेनिथ कंपनीने १९५५ साली 'फ्लॅश-मॅटिक' हा प्रकाशझोताने चालणारा रिमोट विक्रीला आणला, तेव्हा चित्र चालू ठेवून त्रासदायक जाहिरातींचा आवाज तेवढा बंद करता येतो, हाच गुण तिने ठळकपणे पुढे केला होता. कार्यक्रम साठवण्याची सोय घरोघरी पोहोचली ती मात्र १९७५ सालच्या सोनीच्या बेटामॅक्स या फितीच्या रेकॉर्डरमुळे आणि त्याच्या पुढच्या वर्षी आलेल्या व्हीएचएस या प्रतिस्पर्धी पद्धतीमुळे. लगेच १९७६ मध्ये युनिव्हर्सल आणि डिस्ने या चित्रपट कंपन्यांनी सोनीवर खटला भरला. १७ जानेवारी १९८४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला, की प्रसारित होणारा कार्यक्रम सोयीच्या वेळी पाहण्यासाठी घरी मुद्रित (म्हणजे रेकॉर्ड) करणे हा कॉपीराइटचा भंग नव्हे.

या निकालातील एका तळटिपेकडे सहसा लक्ष जात नाही, पण पुढचा सारा इतिहास समजून घेण्यासाठी ती महत्त्वाची आहे. जाहिराती टाळायच्या तर प्रेक्षकाला मुद्रण चालू असताना यंत्र थांबवावे लागेल किंवा नंतर फीत पुढे पळवून जाहिरात कुठे संपली याचा अंदाज बांधावा लागेल, आणि बहुतेकांना हा खटाटोप कंटाळवाणा वाटेल, असे कनिष्ठ न्यायालयाचे निरीक्षण त्या तळटिपेत नोंदवलेले आहे. प्रेक्षक आणि प्रसारक यांच्यातील अलिखित समेट या कंटाळ्याच्या आधारावर उभा होता. संगणकाने नेमका तोच आधार काढून घेतला.

त्यासाठी आधी प्रसारणच डिजिटल व्हावे लागले. चित्र आणि आवाज दाबून लहान करण्याचे एमपेग-२ हे तांत्रिक प्रमाण १९९४-९५ च्या सुमारास निश्चित झाले, युरोपात १९९३ मध्ये स्थापन झालेल्या डीव्हीबी या डिजिटल प्रसारणाच्या प्रकल्पाने ते स्वीकारले आणि अमेरिकेत १९९६ च्या अखेरीस डिजिटल प्रसारणाच्या एटीएससी या प्रमाणाला मान्यता मिळाली. फीत असो वा सुरुवातीची अॅनालॉग टीव्ही कार्डे असोत, तोवर मुद्रण म्हणजे मूळ चित्राची नवी आणि थोडी खराब नक्कल असे. अॅनालॉग सिग्नल आधी अंकांत बदलायचा आणि मग तो दाबून लहान करायचा, या दोन्ही कामांत चित्राची हानी होई. संगणकात बसवून प्रसारण पकडणाऱ्या डिजिटल ट्यूनर कार्डाला यांपैकी काहीच करावे लागत नाही. प्रसारकाने आधीच दाबून पाठवलेला प्रवाह १८८ बाइटच्या छोट्या छोट्या पाकिटांतून येतो. हव्या त्या वाहिनीची पाकिटे त्यांच्या क्रमांकावरून निवडून हार्ड डिस्कवर लिहिली, की मुद्रण झाले. साठवलेली फाइल ही नक्कल नसून खुद्द प्रसारणच असते, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोठे वळण हेच आहे. किंमत मोजावी लागे ती जागेची. अमेरिकी प्रमाणातील एका चॅनेलचा १९.३९ मेगाबिट प्रतिसेकंदाचा संपूर्ण प्रवाह साठवला, तर तासाला जवळजवळ पावणेनऊ गिगाबाइट लागतात.

अशी फाइल कापणे मात्र वाटते तितके सोपे नव्हते. एमपेग-२ मध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र नसते. सुमारे अर्ध्या सेकंदाच्या गटात एकच पूर्ण चित्र असते, त्याला आय-फ्रेम म्हणतात, आणि बाकीच्या पी व बी फ्रेममध्ये मागच्या किंवा पुढच्या चित्रापेक्षा काय बदलले एवढेच नोंदवलेले असते. गटाच्या मध्येच कात्री चालवली तर उरलेल्या फ्रेमचा आधार तुटतो आणि पडद्यावर चौकटींचा चुरा दिसतो. संपूर्ण फाइल उलगडून पुन्हा दाबणे हा एक उपाय होता, पण त्यात तासन्‌तास जात आणि हानी न होता मिळालेल्या चित्राची हानी आपल्याच हातून होई. म्हणून पहिल्या साधनांनी फक्त आय-फ्रेमवर कापण्याची मर्यादा मान्य केली. पुढे व्हिडिओरीडूसारख्या प्रोग्रामनी कापाच्या जागेवरचा तुटका गट तेवढा नव्याने तयार करायचा आणि बाकी सर्व जसेच्या तसे उतरवायचे, ही पद्धत रूढ केली.

आवाजाचा प्रश्न त्याहून चिवट होता. युरोपीय प्रसारणात चित्राची एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते, तर एमपेग ध्वनीची फ्रेम २४ मिलिसेकंदांची. दोन्ही एकाच ठिकाणी क्वचितच संपतात, आणि प्रत्येक कापागणिक राहिलेला फरक साठत गेला तर शेवटी ओठ आणि शब्द यांचा मेळ राहत नाही. त्यात खराब हवामानात पाकिटे गहाळ होत. कोणते चित्र आणि कोणता आवाज केव्हा दाखवायचा हे सांगणाऱ्या कालखुणा प्रवाहात असतात, पण त्यांची मोजणी ३३ बिटांची असल्याने साधारण साडेसव्वीस तासांनी ती शून्यावर येते, आणि तो क्षण एखाद्या कार्यक्रमाच्या मध्येच येऊ शकतो. जावा भाषेत लिहिलेल्या प्रोजेक्ट-एक्स या विनामूल्य प्रोग्रामने कालखुणा तपासून ध्वनी आणि चित्र पुन्हा जुळवण्याचे जे काम केले, त्याचे मोल ज्यांनी बिघडलेले मुद्रण दुरुस्त केले आहे त्यांनाच नीट कळेल.

उरला प्रश्न जाहिरात ओळखण्याचा. जाहिरातींच्या आगेमागे पडदा क्षणभर काळा होतो आणि आवाज थांबतो, हे १९९० च्या दशकातील काही व्हीसीआरनीही हेरले होते. संगणकाने त्यात नव्या खुणांची भर घातली. कोपऱ्यातले वाहिनीचे बोधचिन्ह नाहीसे होणे, चित्राच्या लांबी-रुंदीचे प्रमाण बदलणे, दृश्ये भराभर पालटणे अशा खुणा एकत्र तोलून कॉमस्किप हा प्रोग्राम निर्णय घेतो. २००२ साली सुरू झालेल्या मिथटीव्ही या संगणकावरील रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्येही अशीच सोय आहे. तरीही रात्रीच्या प्रसंगातील काळा पडदा यंत्राला फसवतो. म्हणून जाणकार लोक यंत्राने काढलेली यादी डोळ्यांखाली घातल्याशिवाय कात्री चालवत नाहीत.

घरच्या संगणकावरील या कामावर सहसा कोणी खटले भरले नाहीत. वाद झाले ते तयार उपकरणांवरून. २००१ मध्ये रीप्लेटीव्ही ४००० या रेकॉर्डरने जाहिराती आपोआप वगळण्याची सोय दिली आणि अमेरिकेतील प्रमुख वाहिन्यांनी तत्काळ न्यायालय गाठले. खटला निकाली निघण्याआधीच, २००३ मध्ये, उत्पादक कंपनी दिवाळखोरीत गेली. जर्मनीत जाहिरात सुरू होताच वाहिनी बदलणाऱ्या 'फर्नजे-फे' या उपकरणाला तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००४ मध्ये वैध ठरवले. मुद्रणावरच बंधने आणणारा 'ब्रॉडकास्ट फ्लॅग' हा अमेरिकी नियम अमलात येण्याआधीच मे २००५ मध्ये न्यायालयाने रद्द केला. जपानने मात्र २००४ पासून एकदाच नक्कल करण्याची मर्यादा घातली आणि २००८ मध्ये ती दहा प्रतींपर्यंत सैल केली.

२०१२ साली डिश नेटवर्क या अमेरिकी उपग्रह दूरचित्रवाणी कंपनीने मुद्रित कार्यक्रमातील जाहिराती आपोआप वगळणारे 'ऑटोहॉप' आणले, तेव्हा फॉक्स या वाहिनीने दावा केला. जुलै २०१३ मध्ये अपील न्यायालयाने ती सेवा थांबवण्यास नकार देताना म्हटले, की फॉक्सचा कॉपीराइट कार्यक्रमांवर आहे, जाहिरातींवर नाही, त्यामुळे जाहिराती वगळल्याने त्या हक्काला बाध येत नाही. ऑटोहॉप मुद्रणातील जाहिराती पुसत नव्हते, फक्त ओलांडत होते. त्या कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात हे ठरवण्याचे काम डिशने यंत्रावर सोपवले नव्हते. तिचे कर्मचारी कार्यक्रम पाहून हाताने खुणा करत असत.