खेकड्यांची जिवंत वाहतूक

कांदळवनातील चिखली खेकडे (सिला प्रजाती, कोकणात चिंबोरी, कुर्ली) जिवंत स्थितीत बाजारात किंवा विमानाने परदेशी पाठविण्याची पद्धत. नांग्या बांधून, ओल्या गोणपाटाखाली टोपलीत अथवा भोके पाडलेल्या खोक्यात खेकडे रचण्याची रीत परिचित आहे. वाटेत त्यांच्यावर येणाऱ्या ताणाचा अभ्यास मात्र तुलनेने अलीकडचा आहे.

जुन्या भारतीय नोंदींतील जातिनामे जपून वाचावी लागतात. कीनन, डेव्ही व मान या संशोधकांनी १९९८ मध्ये या प्रजातीत चार जाती मानल्या. त्यापूर्वी भारतात मोठ्या खेकड्यास बहुधा ट्रँक्वेबारिका व लहानास सेराटा म्हणत. आता मोठा तो सेराटा आणि लहान तो ऑलिव्हेशिया, हे मत अधिक ग्राह्य वाटते. त्यामुळे ‘सेराटा पाण्याबाहेर इतका काळ तगतो’ अशी जुनी विधाने नेमकी कोणत्या जातीची, हे प्रत्येक वेळी तपासावे लागते.

पाण्याबाहेर कल्ल्यांच्या पाकळ्या एकमेकींना चिकटू लागतात. कार्बन डायऑक्साइड साचून रक्तलसीकेची (खेकड्याच्या रक्ताची) आम्लता वाढते, लॅक्टेट (ऑक्सिजन अपुरा पडता तयार होणारा पदार्थ) चढते आणि अमोनिया बाहेर टाकणे अवघड होते. नेत्रवृंतातील (डोळ्याच्या देठातील) ग्रंथीतून येणारे संप्रेरक ग्लुकोज वाढविते. म्हणून ग्लुकोज व लॅक्टेट हे ताणाचे नेहमीचे निर्देशक ठरले. लॅक्टेट निव्वळ अपायकारक नसते. तांबेयुक्त हीमोसायानिनाची (रक्तातील ऑक्सिजनवाहक प्रथिनाची) ऑक्सिजनाशी बद्ध होण्याची प्रवृत्ती त्याने वाढते. कल्ले ओले राहिल्यास खेकडा बराच काळ जगतो, पण जिवंत पोहोचला म्हणजे सुस्थितीत पोहोचला असे नव्हे. ओढाताणीत तो पायही टाकून देतो. नुकती कात टाकलेले मऊ खेकडे तर पाठवूच नयेत.

खेकड्यास वेदना होते काय, हा वाद मिटलेला नाही. रॉबर्ट एलवुड व मिर्यम अ‍ॅपेल या संशोधकांच्या प्रयोगात (२००९) विजेचा सौम्य धक्का बसलेल्या शंखवासी खेकड्यांनी कमी पसंतीचा शंख अधिक सहज सोडला. केवळ प्रतिक्षिप्त क्रियेत अशी निवड दिसू नये, असा त्यांचा युक्तिवाद. अशा वर्तनातून अनुभूती सिद्ध होत नाही, असे विरोधक म्हणतात. एलवुड यांची बाजू अधिक सबळ दिसते. आणि शंकेचा लाभ प्राण्यालाच मिळायला हवा.

न्यूझीलंडच्या १९९९ च्या प्राणिकल्याण कायद्यात खेकडे व शेवंडे येतात. स्वित्झर्लंडने २०१८ मध्ये जिवंत शेवंडे बर्फावर किंवा बर्फाळ पाण्यात नेण्यास मनाई केली. ब्रिटनच्या २०२२ च्या कायद्याने दशपाद कवचधारींना (खेकडे, शेवंडे इत्यादींना) संवेदनशील मानले. बर्फाने हालचाल थांबते. परंतु तेवढ्यावरून खेकडा बधिर झाला असे म्हणता येत नाही, आणि उष्ण कटिबंधातील जातींना अशी थंडी घातकही ठरते.

भारताच्या १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियमात मनुष्येतर कोणताही सजीव ‘प्राणी’ ठरतो, त्यामुळे व्याख्येत खेकडाही बसतो. १९७८ च्या वाहतूक नियमांत मात्र गुरे, घोडे, शेळ्या-मेंढ्या, कुत्री, मांजरे, माकडे यांच्यासाठी प्रकरणे आहेत, खेकड्यांसाठी नाही.