सांडपाण्याचं विरजण

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातल्या ऑपरेटरने टाकीतलं चॉकलेटी पाणी एक लिटरच्या काचेच्या नळकांड्यात भरलं, कट्ट्यावर ठेवलं आणि घड्याळ पाहिलं. थोड्याच वेळात त्यात कापसासारखे पुंजके जमले आणि हळूहळू खाली बसू लागले. अर्ध्या तासाने तळाला तपकिरी गाळ होता, वर जवळजवळ नितळ पाणी. वास ओल्या मातीचा. "गाळ नीट बसला म्हणजे टाकीची तब्येत बरी आहे," तो म्हणाला.

सोलापुरात नळाला पाणी कधी येणार यावर घरची कामं ठरतात. उजनीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून आणायचं आणि एकदा वापरलं की नाल्यात सोडून द्यायचं, हे मला मनापासून खुपतं. माणशी रोज 135 लिटर धरले, तर त्यातले सुमारे 80 टक्के, म्हणजे 108 लिटर, सांडपाणी होऊन बाहेर पडतात. आणि या सांडपाण्यात 99.9 टक्के पाणीच असतं.

उरलेल्या घाणीतल्या चिंध्या आणि प्लास्टिक जाळीत अडकतात, वाळू तळाशी बसते. विरघळलेली घाण मात्र गाळून निघत नाही, ती जिवाणूंनीच खावी लागते. नाल्यातही ते खातातच, पण तिथला ऑक्सिजन लवकर संपतो. मग ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू ताबा घेतात आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो.

यावरची युक्ती 1914 साली मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट या रसायनतज्ज्ञांनी जगासमोर मांडली. त्यांनी सांडपाण्यात हवा सोडत ठेवली. पहिल्यांदा पाणी शुद्ध व्हायला पाच आठवडे लागले. पण खाली बसलेला गाळ त्यांनी फेकला नाही, त्यावरच नवं सांडपाणी ओतलं. असं पुन्हापुन्हा केल्यावर तेच काम चोवीस तासांच्या आत होऊ लागलं. कालच्या दह्यातलं चमचाभर आजच्या दुधाला लावावं, तसंच हे. आजही अशा केंद्रात बसलेल्या गाळाचा मोठा भाग पंपाने पुन्हा टाकीत आणतात, जास्तीचा तेवढा काढून वाळवतात.

आपल्या उन्हाचा इथे दुहेरी परिणाम होतो. गरम पाण्यात जिवाणू भराभर खातात, म्हणजे त्यांना ऑक्सिजनही जास्त लागतो. पण पाणी जितकं गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो: 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, 35 अंशांना जेमतेम 7. म्हणून उन्हाळ्यात टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरवर ताण येतो, आणि केंद्राच्या वीजबिलात सर्वांत मोठा वाटा या हवेचाच असतो. वीज जाऊन ब्लोअर बराच वेळ बंद राहिले, की टाकीतला तपकिरी गाळ काळा पडायला लागतो.

चादरी आणि टॉवेल रंगवणाऱ्या आपल्या शहराची आणखी एक अडचण आहे. कापडाचे अनेक रंग धुण्यात-उन्हात टिकावेत म्हणूनच बनवलेले असतात, त्यामुळे ते जिवाणूंनाही सहज पचत नाहीत. रंगाचं पाणी घरगुती सांडपाण्यात मिसळण्याआधीच वेगळं शुद्ध करायला हवं.

शुद्ध केलेल्या पाण्याला जवळच गिऱ्हाईक आहे. केंद्र सरकारच्या 2016 च्या वीजदर धोरणानुसार, सांडपाणी केंद्रापासून 50 किलोमीटरच्या आतल्या औष्णिक वीज प्रकल्पांनी तिथलं शुद्ध केलेलं पाणी वापरायचं आहे. दक्षिण सोलापुरातला 1320 मेगावॉटचा एनटीपीसी प्रकल्प शहरापासून त्याहून कितीतरी जवळ आहे. त्याच्या कूलिंग टॉवरला हे पाणी मिळालं, तर उजनीचं तेवढं पाणी माणसांसाठी उरेल.